न वाचता दिलेले गुण

प्राध्यापकपदासाठी अर्ज मागवले जातात तेव्हा अर्जात एक तक्ता असतो. एकूण शोधनिबंध किती, सायटेशन, म्हणजे इतरांनी त्यांचे दिलेले संदर्भ, किती, त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स किती, परदेशी सहलेखक किती. तक्ता भरायला उमेदवाराला थोडा वेळ लागतो, तो पाहायला समितीला त्याहून कमी. ‘या माणसाने काय शोधून काढलं’ हा प्रश्न मात्र एकाही रकान्यात नसतो. तो मुलाखतीत विचारला जाईल असं सगळे गृहीत धरतात, आणि मुलाखतीपर्यंत कोण पोचणार हे तक्त्यावरच ठरून गेलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सायटेशन मोजायला माझी हरकत नाही, सहलेखकांची जाळी रेखाटायलाही नाही. एखादी कल्पना कुठून कुठे गेली, कोणत्या शाखा एकमेकींशी बोलतात, हे समजायला हे आकडे उपयोगी पडतात. हरकत आहे ती एका माणसाची योग्यता त्यांच्यावरून ठरवण्याला. तिथे हे आकडे एकच काम चोख बजावतात: निर्णय घेणाऱ्यांची वाचण्यातून सुटका करतात.

गुण द्यायला म्हणून हे आकडे जन्मालाच आले नव्हते. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या जर्नलमध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण शोधाशोधीची होती. जुन्या निबंधावर पुढे कोणी काय म्हटलं, त्यातली चूक कोणी दाखवली का, हे ग्रंथालयात बसून कळायला धड मार्ग नव्हता. विषयवार सूच्या होत्या, पण विषयांची नावं बदलतात आणि एका शाखेतली कल्पना दुसऱ्या शाखेत वेगळ्याच नावाने वावरते. गारफील्डना वाट सापडली ती वकिलांकडे. अमेरिकेत १८७३पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघत होती. एखाद्या निकालाचा आधार घेण्यापूर्वी तो निकाल अजून टिकून आहे का, हे वकिलाने तीत पाहायचं. नंतरच्या कोणकोणत्या निकालांत त्याचा उल्लेख झाला याची यादी तिथे असे, आणि महत्त्वाच्या उल्लेखांपुढे एक खूण असे: कोर्टाने तो मानला, गैरलागू ठरवला, की रद्दबातल केला.

१९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू झाला तेव्हा यादी आली, खूण मात्र मागेच राहिली. ते समजण्यासारखं आहे. लाखो संदर्भांपुढे खुणा करत कोण बसणार? आणि शोधण्यापुरती तिची तशी गरजही नव्हती, कारण यादी हाती आली की वाचक एकेक निबंध उघडून पाहीलच, असा हिशेब होता. पुढे त्याच यादीची बेरीज करून ती माणसाच्या नावापुढे लिहायची पद्धत पडली आणि गाडी तिथे घसरली. वकिलाच्या सूचीत रद्द झालेला निकाल रद्द म्हणूनच दिसतो. आपल्या बेरजेत खोडून काढलेला निबंध आणि डोक्यावर घेतलेला निबंध यांना सारखाच एकेक गुण मिळतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवलेला होता. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदणीतून काढण्यात आलं. त्या निबंधाला हजाराहून अधिक सायटेशन आहेत. बहुतेकांनी त्याचं नाव घेतलं ते तो कसा चुकीचा होता हे सांगायला. नुसती बेरीज पाहणाऱ्याला तो गाजलेला निबंध वाटेल. तसा तो गाजला होताच म्हणा.

पण विरोधासाठी दिलेले संदर्भ एकंदरीत थोडे. मोठा वाटा असतो तो रिवाज म्हणून दिलेल्या संदर्भांचा. मोराव्हचिक आणि मुरुगेसन यांनी १९७५ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मधले काही निबंध घेऊन त्यातला प्रत्येक संदर्भ कशासाठी आला आहे हे तपासलं. सुमारे ४० टक्के संदर्भ निव्वळ उपचारापुरते निघाले. पुढे २००३ मध्ये सिम्किन आणि रॉयचौधुरी यांनी संदर्भांतल्या छपाईच्या चुकांचा माग काढला. एकाने पानाचा क्रमांक चुकवला की तोच चुकीचा क्रमांक पुढे अनेकांच्या यादीत उतरलेला दिसतो. म्हणजे मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचललेली असते. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाने मूळ निबंध वाचलेला असतो. त्यांच्या पद्धतीवर वाद घालता येईल. पण ज्याने चार निबंध लिहिले आहेत त्याला हा अंदाज ऐकून धक्का बसणार नाही.

यावर कडी आहे ती ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ या निबंधाची. असा निबंध नाहीच. संदर्भ कोणत्या पद्धतीने लिहावेत हे लेखकांना दाखवण्यासाठी एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने नमुना म्हणून ती ओळ दिली होती. २०१७ मध्ये चर्चा झाली तेव्हा दिसलं की या नसलेल्या निबंधाला वेब ऑफ सायन्स या सायटेशन-संग्रहात शेकडो सायटेशन जमा आहेत. साच्यातली ओळ पुसायची लेखक विसरले, छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरच्या ती नजरेस आली नाही, संपादकाच्याही नाही. यात लबाडी अशी फारशी कोणाची नसावी, आणि म्हणूनच हा प्रकार मला बनावट निबंधांच्या कारखान्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. जी यादी छापण्याआधी कोणी वाचत नाही, तिच्या बेरजेवर माणसांच्या नोकऱ्या ठरतात.

बरं, संदर्भ प्रामाणिक असले तरी ते नेमकं काय सांगतात? ‘नेचर’ने २०१४ साली सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या १०० निबंधांची यादी केली. पहिला क्रमांक ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाचा, तीन लाखांहून अधिक सायटेशनसह. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची एक पद्धत त्यात दिलेली आहे. पद्धत उत्तम, जगभरच्या प्रयोगशाळांना लागणारी, म्हणून प्रत्येकाने तिचा संदर्भ दिला. खुद्द लाउरींनी लिहून ठेवलं होतं की हा काही थोर निबंध नाही हे आपण जाणतो, पण त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाची मनातून मजा वाटते. यादीतले बहुसंख्य निबंध असेच पद्धतींचे किंवा सॉफ्टवेअरचे होते. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३चा निबंध पहिल्या शंभरात नव्हता. तो कोणी विसरलं म्हणून नव्हे. एखादी गोष्ट शाळेच्या पुस्तकात गेली की तिचा संदर्भ द्यायची गरजच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे बारकाईने दाखवलं होतं: कल्पना ज्ञानात इतकी मिसळून जाते की तिच्या कर्त्याचं नाव गळून पडतं. म्हणजे एका पातळीच्या वर प्रभाव वाढला की मोजणी उलट कमी होऊ लागते.

काळाचाही असाच घोळ. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली एक निबंध लिहिला, ज्यातून पुढे ‘प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस’ ही आज सर्वत्र वापरली जाणारी सांख्यिकी पद्धत आली. त्याची सायटेशन खऱ्या अर्थाने चढायला लागली ती जवळपास १०० वर्षांनी, संगणकात विदेचे (डेटाचे) ढीग साठू लागल्यावर. अशा निबंधांना अभ्यासकांनी ‘स्लीपिंग ब्यूटी’ असं नाव दिलं आहे. पिअर्सन यांचं काही अडलं नाही, ते इतर कामामुळे मोठे होतेच. पण बढतीचा अर्ज तीन किंवा पाच वर्षांच्या कामावर ठरतो, आणि एवढ्या मुदतीत सायटेशन मिळतात ती आजच्या गर्दीच्या विषयांना.

आता एच-इंडेक्सकडे येऊ, कारण तक्त्यातला सगळ्यात वजनदार रकाना तोच. सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी निदान २० सायटेशन आहेत त्याचा एच २०. कल्पना सुटसुटीत आहे, आणि एका निबंधाच्या नशिबावर किंवा नुसत्या निबंधांच्या ढिगावर तो वाढत नाही हा तिचा खरा गुण. पण हिशेब करून पाहा. एकीने पाच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला हजार सायटेशन मिळाली: एच ५. दुसऱ्याने वीस लिहिले, प्रत्येकाला वीस: एच २०. पहिलीच्या कामाचा उल्लेख पाच हजार वेळा झाला, दुसऱ्याच्या कामाचा चारशे वेळा, आणि तक्त्यात दुसरा चौपट मोठा. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, विषय सोडून गेला, इतकंच काय मरण पावला, तरी तो चढू शकतो. शाखाशाखांतला फरक तर विचारूच नका: गणितात जो एच थोरांचा, तो जीवशास्त्रात बेताच्या माणसाकडेही सापडतो.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हिर्श यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिलेलं. ते अतिवाहकतेच्या, म्हणजे विजेला मुळीच अडथळा न होण्याच्या, प्रस्थापित सिद्धांताला विरोध करणारे. आपले विरोधी मताचे निबंध जर्नलांत छापून आणायला त्यांना झगडावं लागलं आणि छापल्यावरही लोकांनी त्यांकडे पाठ फिरवली. तेव्हा त्यांनी लिहिलं की आपल्याच इंडेक्समुळे लोकांना रूढ वाटेने चालायला उत्तेजन मिळतं, तो सपशेल फसू शकतो आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. त्यांचा अतिवाहकतेबद्दलचा दावा बरोबर आहे की नाही हा वेगळा मुद्दा. बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञ तो मानत नाहीत. पण मुद्दा तोच तर आहे. बहुसंख्यांना न पटणारं म्हणणं खरं की खोटं, हे किती जणांनी उल्लेख केला यावरून कसं ठरवणार?

मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की मोजमाप म्हणून ते निकामी होतं, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व आता सगळ्यांना पाठ आहे. पाठ असून उपयोग होत नाही, हे इटलीत दिसलं. तिथे २०१०च्या कायद्याने प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी राष्ट्रीय चाळणी आली आणि विज्ञानशाखांत सायटेशनचे किमान आकडे ठरले. बाच्चिनी, दे निकोलाओ आणि पेट्रोविच यांनी २०१९ साली तपासलं तेव्हा आढळलं की कायद्यानंतर इटलीत देशातल्या देशात एकमेकांना, आणि स्वतःला, दिलेल्या संदर्भांचं प्रमाण झपाट्याने वाढलं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर देशांत तशी उसळी नव्हती. एका देशातले हजारो विद्वान एका रात्रीत बेइमान झाले असं मला वाटत नाही. त्यांनी चाळणीची भोकं पाहिली आणि त्या मापाचे झाले. फसवणुकीची कहाणी निराळी आहे. सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ‘आइक अंतकारे’ नावाचा खोटा संशोधक उभा केला, संगणकाने रचलेले निरर्थक निबंध एकमेकांचे संदर्भ देत इंटरनेटवर ठेवले आणि गूगल स्कॉलरने त्याला ९४चा एच-इंडेक्स देऊन टाकला. २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने आपल्या सर्वाधिक सायटेशनवाल्या संशोधकांच्या यादीतून संशयावरून हजारावर नावं गाळली आणि गणित हा विभाग सबंध वगळला. गणितात सायटेशन मुळातच कमी असतात, त्यामुळे थोड्या जणांनी संगनमत केलं तरी यादी पालटते.

सहकार्याचा रकाना याहून अवघड, कारण तिथे मोजायचं काय हेच पक्कं नाही.

बहुतेक शाखांत एकट्याने संशोधन करायचे दिवस मागे पडले. वुच्टी, जोन्स आणि उझ्झी यांनी २००७ मध्ये पाच दशकांतले जवळपास दोन कोटी निबंध पाहून दाखवलं की गटाने लिहिलेल्या निबंधांना एकट्याच्या निबंधांपेक्षा जास्त सायटेशन मिळतात आणि ही तफावत वाढत चालली आहे. त्यावरून विद्यापीठांनी धडा घेतला: सहकार्य वाढवा, परदेशी सहलेखक जोडा, प्रभाव वाढेल. पण गटाच्या निबंधाला जास्त सायटेशन मिळण्यामागे कामाच्या दर्जाइतकंच आणखी एक साधं कारण असू शकतं. पाच लेखक म्हणजे पाच जणांच्या ओळखी, पाच जणांचे विद्यार्थी, पाच जणांचे पुढचे निबंध आणि त्यांत स्वतःच्या कामाचे दिलेले संदर्भ. तेव्हा तक्त्यात सहकार्याचा रकाना आणि सायटेशनचा रकाना शेजारी शेजारी मांडून दोघांचे गुण वेगवेगळे देणं म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा नोंदवणं आहे. समितीला वाटतं दोन पुरावे मिळाले.

२०१९ मध्ये वू, वांग आणि इव्हान्स यांनी ‘नेचर’मध्ये या चित्राला दुसरी बाजू जोडली. साडेसहा कोटींच्या आसपास निबंध, पेटंट आणि सॉफ्टवेअर प्रकल्प पाहून ते या निष्कर्षाला आले की मोठे गट चालू असलेल्या कामाला पुढे नेतात, तर लहान गट जुन्या, दुर्लक्षित कामातून धागा उचलून वाट बदलतात. विज्ञानाला दोन्ही हवेत. ‘सहलेखक किती’ एवढंच विचारणारा रकाना यातल्या एकालाच गुण देतो.

मग लेखकाचं नाव निबंधावर आहे याचा अर्थ काय? २०१५ साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानांपैकी २४ पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या यादीची. यात हसण्यासारखं काही नाही. ती यंत्रं उभी करायला दशकं लागली आणि त्या नावांमागे खरी मेहनत आहे. गंमत पुढे होते. त्या निबंधाचं प्रत्येक सायटेशन ५,१५४ जणांच्या खात्यावर पूर्ण जमा होतं आणि त्यांच्या विद्यापीठांच्याही. टाइम्स हायर एज्युकेशनच्या विद्यापीठांच्या क्रमवारीवर याचा इतका परिणाम होऊ लागला की २०१५ मध्ये त्यांना हजाराहून अधिक लेखकांचे निबंध मोजणीतून बाजूला काढावे लागले.

श्रेय वाटून द्यावं तर वेगळीच पंचाईत. निबंधाचं श्रेय लेखकसंख्येने भागलं की प्रत्येक नवा सहकारी म्हणजे आपल्या वाट्यात भागीदार. मग सांख्यिकी तपासून देणाऱ्या तरुण मुलीचं नाव घालताना हात आखडतो. न भागावं तर नाव घालायला काहीच पडत नाही, आणि विभागप्रमुखांचं नाव आदराने शेवटी चढतं. दोन्ही पद्धती माणसाला चुकीचं वागायला शिकवतात. नावांचा क्रम पाहून अंदाज बांधावा, तर गणितात, अर्थशास्त्रात नावं बहुधा आडनावाच्या वर्णानुक्रमाने लागतात, आणि जीवशास्त्रात पहिला लेखक काम करणारा व शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख. एका शाखेचा परीक्षक दुसऱ्या शाखेची यादी वाचायला बसला की नकळत अन्याय करतो. आणि क्रम कळला तरी किती कळतं? पल्सारच्या, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधाच्या १९६८च्या निबंधावर पहिलं नाव अँटनी ह्यूइश यांचं, दुसरं त्यांच्या विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांचं. कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवरचा तो चमत्कारिक ठिपका पहिल्यांदा हेरला बेल यांनी. १९७४च्या नोबेलमध्ये ह्यूइश होते, बेल नव्हत्या. निबंधावरचं नाव त्यांना साक्षीदार म्हणून पुरलं, हक्कदार म्हणून नाही.

नाव असणं म्हणजे काम केलेलं असणं, असं तर मुळीच नाही. मिशिगन स्टेटचे भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली एकट्याने लिहिलेल्या निबंधात सगळीकडे ‘आम्ही’ वापरलं होतं. एका सहकाऱ्याने सांगितलं की एकच लेखक असताना ‘आम्ही’ चालणार नाही. सगळा निबंध पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्यांनी आपल्या मांजराला सहलेखक केलं: एफ. डी. सी. विलर्ड. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने तो छापला. आजच्या तक्त्यात हेदरिंग्टन यांना त्या निबंधाबद्दल सहकार्याचा एक गुण मिळाला असता.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत. ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादीही आहे: कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, विदा कोणी सांभाळली, पैसा कोणी आणला. ही यादी मला आजच्या उपायांतला त्यातल्या त्यात शहाणा उपाय वाटते, कारण ती किती विचारत नाही, काय विचारते. पण ती भरतात लेखकच, आणि प्रयोगशाळेत ज्याचा शब्द चालतो त्याच्या म्हणण्याप्रमाणे भरतात. सहकार्याची भूक किती वाढू शकते हे पाहायचं तर २०१८चा योआनिडिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवावा: २००० ते २०१६ या काळात ९,००० हून अधिक लेखक असे निघाले ज्यांनी एखाद्या वर्षात ७२पेक्षा जास्त निबंध प्रसिद्ध केले होते, म्हणजे दर पाच दिवसांना एक. त्यातले बहुतेक मोठ्या भौतिकशास्त्रीय प्रकल्पांतले, हे मान्य. पण उरलेले शेकड्यांनी होते. पॉल एर्डोश हा गणिती आयुष्यभर एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत पाचशेवर सहलेखकांबरोबर सुमारे दीड हजार निबंध लिहून गेला, आणि तो प्रत्येकाबरोबर बसून गणित सोडवत होता याची साक्ष देणारे पुष्कळ आहेत. त्याच्यापासून आपण किती सहलेखकांच्या अंतरावर आहोत हे ‘एर्डोश अंक’ म्हणून गणिती गमतीने मोजतात. २००४ मध्ये एकाने आपलं सहलेखकपद, आणि त्यासोबत येणारा एर्डोश अंक पाच, ईबेवर लिलावाला काढला आणि बोलीही लागली. थट्टा होती ती. आज निबंधावरची लेखकाची जागा विकणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्या थट्टा करत नाहीत.

आकड्यांच्या बाजूचं एक म्हणणं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. हे आकडे येण्याआधी नेमणुका कशा होत? गाइडच्या एका फोनवर, घराण्याच्या ओळखीवर, क्लबातल्या गप्पांवर. कोणाचा शिष्य, एवढं कळलं की काम झालं. नाव नसलेल्या विद्यापीठातून आलेल्या, कोणाच्याच गोतावळ्यात नसलेल्या माणसाच्या हाती आकड्यांनी पहिल्यांदा काहीतरी दिलं. ‘मला ओळखत नसाल, पण माझं काम चारशे जणांनी वापरलं आहे’ असं तो म्हणू शकला. माझ्या मते हा आकड्यांचा सगळ्यात मोठा उपकार आहे, आणि आकड्यांना नावं ठेवणारे पुष्कळदा ज्यांना फोनची सोय होती तेच असतात.

तरीही हा उपकार पुरा उतरलेला नाही. गोतावळा गेला नाही, तो संदर्भसूचीत जाऊन बसला. मर्टन यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की सारख्या तोलाच्या कामाचं श्रेय आधीच नामवंत असलेल्याकडे जास्त जातं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, जेस्टोर या निबंधसंग्रहातल्या १५ लाख निबंधांच्या अभ्यासात दिसलं की पुरुष स्वतःच्या निबंधांचे संदर्भ स्त्रियांपेक्षा ५६ टक्के जास्त देतात. मोठे सायटेशन-संग्रह इंग्रजीकडे झुकलेले आहेत. ज्याच्या संशोधनाचा वाचक दुसऱ्या भाषेत आहे, त्याचा वाचक तिथे मोजलाच जात नाही. पुस्तकं लिहिणाऱ्या इतिहासकाराची गत याहून वेगळी नाही. आणि वशिला लावायचा असेल तर आकडे आड येत नाहीत. कोणत्या रकान्याला किती वजन द्यायचं हे शेवटी समितीच ठरवते, आणि कधी कधी अर्ज पाहून झाल्यावर ठरवते. फोनवर झालेल्या नेमणुकीला निदान लाज वाटायची. आकड्यांच्या आडोशाने झालेली नेमणूक ताठ मानेने फिरते.

वशिल्यावर खरा उतारा आहे तो सही करून दिलेल्या कारणांचा. उमेदवाराने आपली तीन कामं निवडून द्यावीत आणि प्रत्येकासोबत एक पान लिहावं: प्रश्न काय होता, काय सापडलं, त्यातलं माझं काय. प्रत्येक काम समितीतल्या दोघांनी वेगवेगळं वाचावं, अर्ध्या पानाचं मत लिहावं, खाली सही करावी, आणि ते मत उमेदवाराला मिळावं. ज्याला आपल्या माणसाला घुसवायचं आहे त्याला मग सामान्य निबंध असामान्य का आहे हे स्वतःच्या नावाने लिहावं लागेल. एच-इंडेक्स जास्त आहे म्हणणं सोपं, हे लिहिणं अवघड. आकडे हवेत तर त्यानंतर उघडावेत, शंका म्हणून: आम्हाला हे काम साधारण वाटलं, मग इतक्या जणांनी का वापरलं? किंवा उलट. तिथे आकड्याने समितीला पुन्हा वाचायला लावलं तर तो कामी आला.

वेळ कुठे आहे, असं लगेच विचारलं जातं. शंभर अर्जांची छाननी त्या एकेका पानावरून करावी, दहा जण निवडावेत. दहा जणांची तीन कामं म्हणजे तीस निबंध, प्रत्येकाला दोन वाचक, समिती पाच जणांची: प्रत्येकाच्या वाट्याला बारा निबंध. ज्या माणसाला तीस वर्षं पगार द्यायचा, विद्यार्थी सोपवायचे, त्याच्यासाठी बारा निबंध वाचणं जड वाटत असेल तर त्याने समितीत बसू नये.

आकड्यांवरून माणसं जोखू नका असं सांगणाऱ्या जाहीरनाम्यांची काही कमी नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘डोरा’ जाहीरनामा निघाला, २०१५ मध्ये लायडन मॅनिफेस्टो, २०२२ मध्ये युरोपात ‘कोआरा’ करार. चीनने २०२० मध्ये निबंधाला रोख बक्षीस देण्याची प्रथा थांबवायला सांगितलं, नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुकांतून इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, काढून टाकायचं ठरवलं. जाहीरनाम्यावर सही करायला काही पडत नाही, म्हणून सह्या हजारोंनी झाल्या आणि अर्जातले रकाने कितीतरी ठिकाणी तसेच राहिले. मला या सगळ्यांत पॅरिसच्या सोर्बॉन विद्यापीठाचा निर्णय जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात पैसा हलला. त्यांनी २०२४पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणीच बंद केली आणि खुल्या साधनांकडे वळले.

त्याच वाटेने एक पाऊल पुढे जाता येईल. समितीत उमेदवाराच्या विषयाचं कोणीच नसतं, ही खरी अडचण आहे. मग बाहेरचा वाचक बोलवावा आणि त्याला वाचण्याचे पैसे द्यावेत. आजवर परीक्षकाने हे काम फुकट, उपकार म्हणून, दोन कामांच्या मधल्या फटीत करायचं अशीच रीत आहे. सायटेशन मोजणाऱ्या कंपन्यांना संस्था दरवर्षी वर्गणी भरतात. त्यातला काही भाग वाचणाऱ्यांच्या मानधनाकडे वळवायला कुठल्या जाहीरनाम्याची गरज नाही, अंदाजपत्रकाच्या बैठकीत एक ओळ पुरते.